जॅझ आणि रॉकच्या जुन्या तबकड्या : पारख, जतन आणि श्रवण

जुने कपाट आवरताना किंवा पुनर्विकासासाठी घर रिकामे करताना पुष्कळदा एलपी रेकॉर्डचा गठ्ठा हाती लागतो. रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र केव्हाच बंद पडलेले असते, वेष्टनांना ओलीचे डाग पडलेले असतात आणि पुढच्या पिढीला त्या काळ्या चकत्यांचे करायचे काय हा प्रश्न पडतो. बहुतेक वेळा गठ्ठा रद्दीच्या दुकानात जातो. दुसरीकडे याच चकत्यांना जगभर पुन्हा मागणी आली आहे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या आकडेवारीनुसार २०२० साली एलपींच्या विक्रीतून मिळालेले उत्पन्न १९८६ नंतर प्रथमच सीडींच्या उत्पन्नापुढे गेले. २०२२ मध्ये नगांच्या संख्येतही एलपींनी सीडींना मागे टाकले. त्या वर्षी तेथे सुमारे ४ कोटी १० लाख एलपी विकल्या गेल्या, तर सीडी ३ कोटी ३० लाख.

या दोन टोकांच्या मध्ये नवख्या संग्राहकाची आणि वारसाहक्काने संग्राहक झालेल्याची सारखीच फसगत होते. एक जण जुनी आहे एवढ्याच कारणाने सामान्य तबकडीला भलती किंमत मोजतो, तर दुसरा अमूल्य तबकडी किलोच्या भावाने देऊन टाकतो. दोघांनाही तबकडी वाचता येत नाही, हे त्यामागचे कारण. जॅझ आणि रॉक या दोन संगीतप्रकारांत तर हे वाचन विशेष महत्त्वाचे आहे. कारण त्यांच्या ऐन बहराचा काळ, म्हणजे साधारण १९५० ते १९७५, हाच एलपीच्याही बहराचा काळ होता. त्या काळातील संगीत ज्या रूपात श्रोत्यांपर्यंत पोहोचावे असे कलावंतांना वाटत होते, ते रूप म्हणजे ही तबकडी.

तबकडी घडते कशी?

मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी व्हिनाइलची एलपी अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये बाजारात आणली. त्यापूर्वीच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूस तीन-चार मिनिटांचेच संगीत मावत असे. एलपीच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. जॅझ वादकांना लांब पल्ल्याचे वादन मुद्रित करण्याची सोय झाली आणि पुढे रॉकच्या कलावंतांना गाण्यांची एकसंध मालिका बांधता आली. बावीस मिनिटांच्या एका बाजूवरील खाच सरळ उलगडली, तर तिची लांबी जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल.

ध्वनिफितीवरील संगीत प्रथम लॅकरचा लेप दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर कोरले जाते. त्या चकतीवर धातूचा थर चढवून उलटा साचा मिळवितात, त्या साच्यावरून 'मदर' नावाची सुलटी धातूची चकती आणि मदरवरून 'स्टॅम्पर' म्हणजे प्रत्यक्ष छपाईचे ठसे. तापवून मऊ केलेला व्हिनाइलचा गोळा दोन ठशांमध्ये दाबला की तबकडी तयार होते. ठसे झिजतात, मग नवे करावे लागतात. मागणी टिकली तर काही वर्षांनी लॅकरही पुन्हा कोरावे लागते आणि ते काम कदाचित वेगळा तंत्रज्ञ, वेगळ्या फितीवरून करतो.

म्हणूनच एका नावाच्या दोन एलपी सारख्याच वाजतील, असे नाही. प्रत्येक छपाईला संग्राहक 'प्रेसिंग' म्हणतात. पहिल्या प्रेसिंगला मान असतो, कारण तिच्या वेळी मूळ फीत ताजी असते, ठसे नवे असतात आणि कोरण्याचे काम बहुधा मुद्रणाशी संबंधित व्यक्तीच्याच हातून झालेले असते. हा नियम सरसकट मात्र खरा नाही. वाईट तऱ्हेने कोरलेल्या पहिल्या आवृत्त्या आणि उत्तम कोरलेल्या नंतरच्या आवृत्त्याही आहेत.

पारखीची जागा : लेबलाभोवतीचा पट्टा

तबकडीची ओळख वेष्टनावरून, मधल्या कागदी लेबलावरून आणि शेवटची खाच व लेबल यांच्यामधील गुळगुळीत पट्ट्यावरून पटते. यांपैकी तिसरी जागा सर्वांत विश्वासार्ह. वेष्टने बदलता येतात, लेबले उरलेल्या साठ्यातून वापरली जातात, पण पट्ट्यावर कोरलेली अक्षरे ठशातूनच आलेली असतात. प्रकाश तिरपा पाडून तो पट्टा पाहिला की मॅट्रिक्स क्रमांक, कोरणाऱ्याची आद्याक्षरे आणि कधी कधी कारखान्याची खूण दिसते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या 'ब्लू नोट' कंपनीचे. जर्मनीतून आलेल्या आल्फ्रेड लायनने १९३९ मध्ये मॅक्स मार्ग्युलिस याच्या साथीने ही कंपनी काढली. पुढे त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ तिच्यात आला आणि त्याने टिपलेली वादकांची छायाचित्रे रीड माइल्सच्या मांडणीसह वेष्टनांवर झळकू लागली. ध्वनिमुद्रण करणारा रूडी व्हॅन गेल्डर व्यवसायाने चष्म्यांचे नंबर काढणारा दृष्टितज्ज्ञ होता. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आईवडिलांच्या घराच्या दिवाणखान्यात तो मुद्रण करी. १९५९ मध्ये त्याने एंगलवूड क्लिफ्स येथे स्वतंत्र स्टुडिओ बांधला. लॅकरही तो स्वतःच कोरत असे आणि पट्ट्यावर 'आरव्हीजी' ही आद्याक्षरे किंवा 'व्हॅन गेल्डर' हे नाव उमटवीत असे.

ब्लू नोटच्या लेबलावर छापलेला कंपनीचा पत्ता कालानुक्रम सांगतो. आरंभीच्या बारा इंची एलपींवर '७६७ लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यू' हा पत्ता आढळतो, १९५७ पासून '४७ वेस्ट ६३' आणि १९६० च्या दशकाच्या आरंभापासून नुसते 'न्यूयॉर्क यूएसए'. १९६६ मध्ये कंपनी लिबर्टी रेकॉर्ड्सकडे गेली. नव्या मालकाने जुनी लेबले संपेपर्यंत वापरली. म्हणजे लेबल जुने आणि छपाई नवी, अशा तबकड्याही बाजारात आल्या. त्या ओळखायच्या कशा? १९६६ पर्यंत ब्लू नोटची छपाई प्लास्टीलाइट या कारखान्यात होत असे आणि तेथील ठशांवर रोमन 'पी' या वळणदार अक्षराची बारीक खूण असे. ती कानाच्या आकाराची दिसते म्हणून संग्राहक तिला 'कान' म्हणतात. लेबल जुने असून 'कान' नसेल, तर ती तबकडी नंतरची समजावी. जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' सप्टेंबर १९५७ मध्ये मुद्रित झाली. नायक या नात्याने त्याने ब्लू नोटसाठी केलेली ही एकमेव एलपी. तिच्या असंख्य आवृत्त्या निघाल्या, परंतु पहिल्या छपाईची प्रत ओळखण्याचा मार्ग या छोट्याशा खुणेवरून जातो.

एका प्रसिद्ध तबकडीचा चुकीचा वेग

कोलंबियाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेली माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' ही जॅझमधील सर्वाधिक खपलेल्या एलपींपैकी एक. न्यूयॉर्कमधील कोलंबियाच्या ३० व्या रस्त्यावरील स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत ती मुद्रित झाली. मार्चच्या सत्रात मुख्य ध्वनिफीत-यंत्र किंचित संथ चालत होते. परिणामी योग्य गतीने वाजविल्यावर पहिल्या बाजूवरील तिन्ही रचना मूळ स्वरापेक्षा थोड्या चढ्या ऐकू येतात. सोबत वाजवून सराव करणाऱ्या वादकांना हे जाणवत असे. दुसऱ्या यंत्रावर घेतलेली राखीव फीत वापरून हा दोष १९९२ च्या आवृत्तीत प्रथम दूर झाला.

आता उत्तम प्रत कोणती म्हणायची? १९५९ ची तबकडी श्रोत्यांनी तीस वर्षे ऐकली तशीच ऐकविते, पण ती स्वराने चढी आहे. नंतरची दुरुस्त आवृत्ती स्टुडिओत प्रत्यक्ष वाजले त्याच्या अधिक जवळ जाते. पहिल्या छपाईच्या लेबलावर कोलंबियाची 'सहा डोळे' म्हणून ओळखली जाणारी चिन्हे दिसतात. काही आरंभीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूवरील रचनांची नावे उलट क्रमाने छापली गेली होती. संग्राहक 'सहा डोळ्यां'ची प्रत शोधतो, अभ्यासकाला दुरुस्त आवृत्ती लागते. दोघांच्याही निवडीला आधार आहे, तो आपण कशासाठी घेत आहोत हे माहीत असल्यामुळे.

रॉक : सांकेतिक अक्षरे आणि मागे घेतलेल्या प्रती

ब्रिटनमधील ईएमआय कंपनीच्या तबकड्या वाचणे हा एक स्वतंत्र छंद आहे. मॅट्रिक्स क्रमांक खाली येईल अशी तबकडी धरली की डाव्या बाजूस मदरचा क्रमांक आणि उजव्या बाजूस स्टॅम्परची अक्षरे दिसतात. ही अक्षरे म्हणजे आकडेच होत. 'ग्रामोफोन लिमिटेड' या नावातून घेतलेल्या जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी या दहा रोमन अक्षरांना अनुक्रमे १ ते ९ आणि शून्य अशा किमती दिल्या होत्या. 'जीआर' म्हणजे बारावा ठसा. आकडा जितका लहान, तितकी प्रत आधीची. बीटल्सच्या तबकड्यांची क्रमवारी यावरून लावता येते. त्यांची पहिली एलपी 'प्लीज प्लीज मी' मार्च १९६३ मध्ये निघाली तेव्हा पार्लोफोनचे लेबल काळ्यावर सोनेरी अक्षरांचे होते. लवकरच ते बदलले. ब्रिटनमध्ये तेव्हा स्टिरिओचा खप अल्प असल्याने सोनेरी लेबलाची स्टिरिओ प्रत अत्यंत दुर्मिळ ठरली.

मागे घेतलेल्या आवृत्त्यांचे आकर्षण रॉकमध्ये मोठे आहे. जून १९६६ मध्ये अमेरिकेत बीटल्सच्या 'यस्टरडे अँड टुडे' या एलपीच्या वेष्टनावर कसायाच्या पांढऱ्या झग्यातील कलावंत, मांसाचे तुकडे आणि मोडक्या बाहुल्या असे छायाचित्र छापले गेले. ओरड झाल्यावर कंपनीने प्रती परत मागविल्या आणि अनेक वेष्टनांवर दुसरे चित्र चिकटवून त्याच पुन्हा विकल्या. वरचे चित्र जपून सोलले की खालचे दिसते. 'लेड झेपेलिन टू'ची १९६९ ची गोष्ट ध्वनीची आहे. बॉब लडविगने ती इतकी जोरकस कोरली की स्वस्त यंत्रांवर सुई उडू लागली, असे सांगतात. कंपनीने ती सौम्य करून पुन्हा कोरविली. पट्ट्यावर 'आरएल' ही आद्याक्षरे असलेली पहिली आवृत्ती आज रसिक आवर्जून शोधतात.

किमतींचे टोकाचे आकडे बातम्यांत झळकतात. बीटल्सच्या १९६८ च्या पांढऱ्या वेष्टनाच्या एलपीवर अनुक्रमांक छापलेले होते. त्यातील पहिल्या क्रमांकाची, रिंगो स्टारच्या संग्रहातील प्रत डिसेंबर २०१५ मध्ये ७ लाख ९० हजार डॉलरना विकली गेली. परंतु संग्राहकाला अधिक शिकविणारी घटना न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची आहे. २००२ मध्ये एका जुन्या सामानाच्या विक्रीत एकाने ७५ सेंटला एक साधी चकती घेतली. लेबलावर हाताने 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' आणि एप्रिल १९६६ ची तारीख लिहिलेली होती. ती निघाली त्या चमूच्या पहिल्या एलपीच्या वेगळ्या, अप्रकाशित रूपाची चाचणी-तबकडी. पुढे ती २५ हजार डॉलरहून अधिक किमतीला गेली. मूळ फितीचा ठावठिकाणा नसताना ही एक चकती त्या मुद्रणाची साक्ष ठरली.

मोनो की स्टिरिओ?

व्यावसायिक स्टिरिओ एलपी १९५८ मध्ये आली आणि त्यानंतर सुमारे दहा वर्षे बहुतेक एलपी दोन्ही रूपांत निघत. स्टिरिओ म्हणजे सुधारित, मोनो म्हणजे मागासलेले, ही समजूत जुन्या तबकड्यांना लावू नये. बीटल्सच्या १९६७ मधील 'सार्जंट पेपर'चे मोनो मिश्रण चौघांच्या उपस्थितीत काळजीपूर्वक झाले, तर स्टिरिओ मिश्रण त्यांच्या गैरहजेरीत तुलनेने घाईने उरकले गेले. मोनो तबकडीत सुई केवळ आडवी हलते, स्टिरिओत ती वरखालीही हलते. म्हणून मोनो तबकडी मोनो कार्ट्रिजवर, किंवा अ‍ॅम्प्लिफायरवरील मोनो कळ दाबून वाजविल्यास खरखर बरीच कमी होते. उलट, जुन्या मोनो यंत्राची ताठ सुई स्टिरिओ तबकडीवर ठेवू नये. ती खाचा कुरतडते.

भारताशी असलेले धागे

आपल्याकडील जुन्या संग्रहांत जॅझ आणि रॉक सापडण्यामागे इतिहास आहे. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड यांसारखे अमेरिकी वादक वाजवीत. त्यांच्या संगतीत आणि प्रभावाखाली गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांपैकी एक. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'तील (१९५१) संगीताला जी पाश्चात्त्य लय आहे, तिच्यामागे अशा वादकांचा हात होता. त्या काळातील जॅझ भारतात ७८ च्या लाखेच्या तबकड्यांवर आढळते.

डेव्ह ब्रुबेकची चौकडी १९५८ मध्ये भारतात येऊन गेली आणि त्याच वर्षी कोलंबियाने काढलेल्या 'जॅझ इम्प्रेशन्स ऑफ युरेशिया' या एलपीत 'कॅलकटा ब्लूज' ही रचना आली. ड्यूक एलिंग्टन १९६३ मध्ये आला. त्या दौऱ्याच्या आठवणी १९६७ च्या 'फार ईस्ट स्वीट'मध्ये आहेत आणि त्यातील दोन रचनांच्या नावांत दिल्ली व आग्रा येतात. १९३६ साली मुंबईत जन्मलेले गोमंतकीय गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा पुढे लंडनला गेले. त्यांची 'इंटिग्रेशन' आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटसह केलेली 'हम दोनो' (दोन्ही १९६९) या एलपींच्या मूळ प्रती ब्रिटिश जॅझच्या संग्राहकांत दुर्मिळ मानल्या जातात. भारतीय रॉक चमूंच्या स्पर्धेतून निघालेल्या 'सिमला बीट ७०' आणि 'सिमला बीट ७१' या एलपींनाही परदेशांत मागणी आहे. एखाद्या मुंबईकराच्या माळ्यावर त्या निघणे अशक्य नाही.

कोलकात्याजवळील दमदमच्या कारखान्यात ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने बीटल्ससह अनेक पाश्चात्त्य कलावंतांच्या तबकड्या छापल्या. त्यांपैकी अनेकांचे धातूचे साचे इंग्लंडहून येत, त्यामुळे पट्ट्यावर ब्रिटिश मॅट्रिक्स क्रमांक दिसतो. व्हिनाइलचा दर्जा आणि वेष्टनाचा कागद मात्र येथला असे. 'इंडियन प्रेसिंग' म्हणून नाक मुरडण्याआधी ती वाजवून पाहावी.

विकत घेताना

काळा घोड्याचे 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये बंद झाले. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, मोजकी दुकाने आणि इंटरनेटवरील विक्री ही आता जुन्या तबकड्या मिळण्याची ठिकाणे. विक्रेते दर्जासाठी इंग्रजी श्रेणी वापरतात. 'मिंट' म्हणजे कोरी, 'निअर मिंट' म्हणजे जवळजवळ कोरी, 'व्हेरी गुड प्लस' म्हणजे किरकोळ खुणा असलेली पण चांगली वाजणारी. यापुढची 'व्हेरी गुड' ही श्रेणी नावाप्रमाणे नसते. त्या तबकडीत खरखर स्पष्ट ऐकू येते. 'गुड' श्रेणीची तबकडी दुर्मिळ असेल तरच घ्यावी.

प्रत्यक्ष पाहून घेताना पुढील गोष्टी तपासाव्यात :

- वेष्टनातील तबकडी त्याच नावाची आहे का? अदलाबदल सर्रास आढळते.
- तिरप्या प्रकाशात चरे पाहावेत. चऱ्यावरून नख हलकेच फिरविता ते अडले, तर तो चरा ऐकूही येणार.
- मधल्या छिद्राभोवती लेबलावर बारीक रेघांचे जाळे असेल, तर तबकडी पुष्कळ वाजलेली आहे.
- खाचा चकाकण्याऐवजी करड्या दिसत असतील, तर जड सुईने त्या झिजविल्या आहेत. धुऊन हा दोष जात नाही.
- तबकडी डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाकली आहे का, हे पाहावे.

स्वच्छता आणि साठवण

प्रत्येक वेळी वाजविण्यापूर्वी कार्बन-तंतूंच्या मऊ ब्रशने कोरडी धूळ काढावी. फार मळलेली एलपी शुद्ध केलेल्या, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणद्रवाचे एक-दोन थेंब घालून, मऊ कापडाने खाचांच्या दिशेने गोलाकार पुसावी. नंतर नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने धुऊन उभी वाळवावी. लेबल भिजू देऊ नये. नळाच्या पाण्यातील क्षार खाचांत बसतात. रॉकेल, खोबरेल यांचे घरगुती प्रयोग टाळावेत. लाखेच्या ७८ तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल कदापि लावू नये, ते लाख विरघळवते.

मुंबई-कोकणच्या हवेत तबकडीचा मोठा शत्रू म्हणजे पावसाळा. आतले कागदी पाकीट ओल धरते आणि बुरशी खाचांत उतरते. जुनी पाकिटे बदलून पॉलिथिनचे अस्तर असलेली वापरावीत, पण मजकूर छापलेली मूळ पाकिटे टाकू नयेत, ती वेगळी जपावीत. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये आणि पावसाळा संपल्यावर तबकड्या एकदा बाहेर काढून हवा द्यावी. ऊनही तितकेच घातक असते. बंद मोटारीत दुपारभर राहिलेली एलपी वाकते. तबकड्या नेहमी उभ्या आणि सरळ ठेवाव्यात, एकमेकींवर रचू नयेत. वेष्टनासह शंभर एलपींचे वजन वीस किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे फळी भक्कम हवी.

वाजविणे आणि ऐकणे

टर्नटेबल, कार्ट्रिज व सुई, फोनो प्रवर्धक, अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर अशी ही साखळी असते. फोनो प्रवर्धक आवश्यक असतो, कारण एलपी कोरताना खर्जातील स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे स्वर उचललेले असतात. वाजविताना ते पूर्ववत करावे लागतात. यासाठी १९५४ पासून एक सर्वमान्य मोजमाप रूढ झाले. पेटीच्या आकाराची स्वस्त यंत्रे आकर्षक दिसतात, पण त्यांतील अनेकांची सुई जड असते आणि तिचा भार नियंत्रित करता येत नाही. मौल्यवान तबकडी त्यावर लावू नये. आधुनिक सुईचा भार साधारण दीड ते अडीच ग्रॅम असावा आणि हिऱ्याची सुईही पाचशे ते हजार तासांनी बदलावी. तबकडीवर खर्च करून सुईवर काटकसर करणारा संग्राहक आपलाच संग्रह खरवडत असतो.

माध्यमाच्या मर्यादाही माहीत असाव्यात. फेऱ्यांचा वेग स्थिर असला तरी बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, तर लेबलाजवळ हा वेग २१ सेंटिमीटरवर येतो. त्यामुळे बाजूच्या शेवटी वरचे स्वर किंचित फाटतात. काही नव्या आवृत्त्या ४५ फेऱ्यांच्या दोन तबकड्यांवर काढतात, त्या याच कारणाने. एलपीची बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते आणि उठून ती उलटावी लागते. कलावंतांनी रचनांचा क्रम या विरामासह योजलेला असतो. 'सार्जंट पेपर'च्या ब्रिटिश प्रतीत तर सुई शेवटच्या बंद खाचेत अडकून आवाजांचा एक गमतीदार तुकडा अखंड वाजवीत राहते.

जुनी प्रत की नवी आवृत्ती?

ज्याला केवळ उत्तम ऐकायचे आहे त्याने चांगल्या नव्या आवृत्तीचा विचार जरूर करावा. मूळ फितीवरून जाणत्या तंत्रज्ञाने कोरलेली नवी तबकडी झिजलेल्या मूळ प्रतीपेक्षा सरस वाजते. आवृत्ती कशावरून केली आहे, हे मात्र पाहावे. मूळ फितीवरून केल्या असे मानल्या गेलेल्या काही महागड्या आवृत्त्यांत मधला टप्पा डिजिटल होता, हे २०२२ मध्ये उघड झाले आणि संग्राहकांत मोठा वाद झाला. लॅकर चकत्यांचा पुरवठाही नाजूक आहे. त्या बनविणाऱ्या जगातील दोन कारखान्यांपैकी कॅलिफोर्नियातील एक फेब्रुवारी २०२० मध्ये आगीत भस्मसात झाला.

मूळ फितीही अमर नसतात. १९७८ मध्ये न्यू जर्सीतील लाँग ब्रँच येथील आगीत अटलांटिक कंपनीच्या असंख्य फिती जळाल्या आणि जॅझच्या अनेक अप्रकाशित मुद्रणांचा मागमूस उरला नाही. जून २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतील आगीत आणखी एक मोठा साठा नष्ट झाल्याचे २०१९ मध्ये उजेडात आले. त्या हानीच्या व्याप्तीबद्दल मतभेद आहेत. फीत गेली की तिच्यावरून त्या काळी छापलेली स्वच्छ तबकडी हा त्या ध्वनीचा सर्वांत जवळचा पुरावा उरतो. घराघरांत पडलेल्या गठ्ठ्यांचे महत्त्व यात आहे.

तेव्हा घरातील रेकॉर्ड रद्दीत देण्यापूर्वी एक दिवस त्यांच्यासाठी राखून ठेवावा. प्रत्येक तबकडीचे नाव, लेबल, लेबलाभोवतीच्या पट्ट्यावरील क्रमांक आणि दिसणारी अवस्था एका वहीत उतरवून काढावी. घरातील वडीलधाऱ्यांना ती कोठून, केव्हा आली ते विचारून त्याचीही नोंद करावी. जहाजावरच्या नोकरीतून आणलेली, हॉटेलातल्या वादकाने भेट दिलेली, पहिल्या पगारातून घेतलेली, अशी माहिती कोणत्याही लेबलावर छापलेली नसते. मग ज्या विकायच्या त्या जाणकाराला दाखवून विकाव्यात, ज्या ठेवायच्या त्या धुऊन, नवी पाकिटे घालून उभ्या ठेवाव्यात आणि चांगल्या सुईवर अधूनमधून वाजवाव्यात.